दोन राखणदार आणि एक डावा कान

तिला सगळे कानताई म्हणत. कानाची मशीनं बसवून देणं हा तिचा व्यवसाय होता, आणि या नावाचा तिला कधी राग आला नाही. उलट फोन उचलल्यावर तीच म्हणे, "कानताई बोलतेय, जरा मोठ्यानं बोला."

तिचे वडील लाकूड कापायच्या गिरणीत करवतीवर होते. त्या आवाजानं त्यांचे कान हळूहळू गेले, पण घरात कुणाला कळलं नाही, कारण त्यांनी कळूच दिलं नाही. जेवताना कुणी काही गमतीचं बोललं की सगळे हसत आणि वडील जरा उशिरा हसत, आधी सगळ्यांच्या तोंडाकडे बघून. शाळेत असतानाच हे तिच्या ध्यानात आलं, आणि मग तिला त्यांचं ते हसणं बघवेना. पुढे कानाच्या तपासणीचं शिक्षण घेतलं, एका डॉक्टरांच्या हाताखाली बरीच वर्षं काढली आणि मुलं हाताशी आल्यावर स्वतःच्या दोन खोल्या घेतल्या. बाहेरच्या खोलीत लोकांना बसायला बाक. आतल्या खोलीत टेबल, कॉम्प्युटर आणि कोपऱ्यात कपाटाएवढी आवाजबंद केबिन. केबिनचं दार लागलं की बाहेरचं जग संपलंच.

लोकांना वाटतं, मशीन कानात घातलं की झालं. खरं काम तिथून पुढे असतं. कुणी येऊन सांगे, "भांडं पडलं की डोक्यात घण बसतो." कुणी म्हणे, "नातवाचं बोलणं ऐकू येतं, सुनेचं येत नाही." यावर कानताई विचारी, "मशीन बदलायचं की सून?" मग ते मशीन वायरनं कॉम्प्युटरला जोडून ती आवाज केसाकेसानं वरखाली करी. कुणाला कोणता आवाज किती हवा, ही एकेका माणसाची वर्षानुवर्षांची घडी त्या कॉम्प्युटरमध्ये साठवलेली होती. तीच तिची खरी पुंजी.

त्या कॉम्प्युटरवर भावजींनी, म्हणजे तिच्या धाकट्या दिरांनी, फार पूर्वी एक अँटिव्हायरस घालून दिला होता. भावजींचं प्रिंटर दुरुस्तीचं दुकान, म्हणून घरात कॉम्प्युटरचे जाणकार तेच. पण हा अँटिव्हायरस आता डोईजड झाला होता. ऐन कामात तो सगळा कॉम्प्युटर तपासायला घेई, आणि बाकीचं सगळं गोगलगायीसारखं सरके. त्यात मुदत संपत आल्याची चौकट कोपऱ्यातून सारखी डोकं वर काढी. कानताईंनी दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस घ्यायचं ठरवलं.

भावजींना विचारलं तर ते म्हणाले, "त्यात काय वहिनी! जुना राहू दे, नवा त्याच्यावर टाकू. दाराशी दोन राखणदार असले तर चांगलंच की."

तिला ते पटलं नाही. मशीनच्या कंपनीचा एक इंजिनियर तिच्या ओळखीचा होता, त्याला फोन लावला. तो ऐकूनच दचकला. "मॅडम, असं अजिबात करू नका. दोघं एकमेकांनाच चोर समजतात. आधी सगळी माहिती बाहेर काढून ठेवा. नवा अँटिव्हायरस उतरवून हाताशी ठेवा. मग नेट बंद, जुना काढा, रिस्टार्ट करा, नवा घाला. आणि हे सुट्टीच्या दिवशी करा, दारात पेशंट असताना नको."

नवा अँटिव्हायरस उतरवून ठेवला, बाकीचं रविवारी करू, असं तिनं ठरवलं आणि भावजींनाही तसं सांगितलं. माहितीची प्रत काढायचंही रविवारवर ढकललं. एवढ्यात काय होतंय, असं तिला वाटलं.

पण रविवार उजाडायच्या आधीच एका दुपारी भावजी प्रिंटरची शाई घेऊन आले. कानताई एका आजोबांना घेऊन केबिनमध्ये होती, दार घट्ट लावलेलं. भावजी रिकाम्या खुर्चीत बसले. समोर स्क्रीनवर मुदतीची चौकट आणि शेजारीच उतरवून ठेवलेला नवा अँटिव्हायरस. वहिनीचं काम करून टाकावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. जुन्याला हात न लावता त्यांनी नवा वर चढवला आणि चहा प्यायला समोरच्या टपरीवर गेले.

आजोबा गेले, आणि आत आल्या नर्सबाई. जवळच्या इस्पितळात त्या वॉर्डवर होत्या. उजवा कान नावापुरताच, सगळी भिस्त डाव्यावर. पेशंटच्या घंटेचा आवाज हल्ली बारीक येतो, अशी त्यांची तक्रार होती. कानताईंनी दोन्ही मशीनं वायरनं जोडली, घंटेचे सूर थोडे वर घेतले आणि नवी घडी मशीनमध्ये उतरवायची आज्ञा दिली. उजव्याचं झालं. डाव्याची पट्टी अर्ध्यावर आली आणि थांबली.

कानताईंनी माऊस हलवला. बाण हलेना. मग कोपऱ्यात एक चौकट उठली: संशयास्पद प्रोग्राम सापडला. तिच्यावर दुसरी उठली, दुसऱ्या रंगाची: संशयास्पद प्रोग्राम सापडला. ही दुसरी चौकट तिनं या कॉम्प्युटरवर कधी पाहिलीच नव्हती.

"काय गं, मेलं का ते?" नर्सबाई ओरडून म्हणाल्या. ऐकू येत नसलं की त्यांचा आवाज आपोआप चढे. "डाव्यात काहीच नाहीये! माझी उद्या सकाळची ड्यूटी आहे!"

तेवढ्यात भावजी तोंड पुसत आत आले. "काय वहिनी, करून टाकलं की नाही तुमचं काम?"

"तुम्ही नवा घातलात? जुना न काढता?"

"मग? म्हटलं रविवारपर्यंत कशाला थांबायचं..." स्क्रीन बघून त्यांचा आवाज बसला. पुढच्या क्षणी ते टेबलाखाली वाकले. "अडकलाय नुसता. बटण दाबून बंद करतो, उठेल आपोआप."

कानताईंनी त्यांचं मनगट धरलं. इतक्या वर्षांत तिनं त्यांना कधी असं अडवलं नव्हतं. "नाही भावजी. आत लिहिणं चालू आहे. मध्येच वीज गेली तर मशीन जाईल, आणि आतल्या माहितीचं काय होईल ते मला माहीत नाही."

"अहो, पण असं किती वेळ बघत बसणार?"

"बसू. पण हात लावायचा नाही."

बसले तिघं. कॉम्प्युटरवरचा लाल दिवा लुकलुकत होता. नर्सबाई एकदा हिच्या तोंडाकडे बघत, एकदा त्यांच्या. कानताईंनी त्यांच्यासमोर येऊन, ओठ दिसतील असं सावकाश सांगितलं, "सिस्टर, आज होईल. मी तुम्हाला असं घरी पाठवणार नाही."

शेवटी बाण हलला. मशीनमध्ये लिहिणं अपुरं राहिलं, असा निरोप आला. नर्सबाईंचा डावा कान ठार बंद.

तिनं पहिल्यांदा नेटची वायर उपसली आणि मग इंजिनियरला फोन लावला. तो म्हणाला, "काहीही काढायच्या आधी माहिती बाहेर काढा. मग नवा काढायचा, रिस्टार्ट, मग जुना. जुन्याचे अवशेष राहतात, त्यासाठी त्यांच्याच कंपनीचं सफाईचं साधन मिळतं. आणि नव्याची पूर्ण फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. नेटशिवाय चालेल अशी."

माहितीची प्रत बाहेरच्या डिस्कवर जाऊ लागली, पण दोन्ही राखणदार एकेक फाईल आपापल्या हातानं उघडून बघत होते. पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती. ती अर्ध्यावर थांबली तर रविवारवर ढकललेली ती प्रत आता कुठून आणायची, हा विचार कानताई मनातून हाकलत होती. प्रत पुरी झाल्यावर तिनं डिस्कवरच्या दोन-चार फाईली उघडून पाहिल्या. माणसांच्या कानांच्या त्या ओळखीच्या रेषा दिसल्या तेव्हा कुठे तिनं डिस्क काढून कपाटात ठेवली.

भावजींनी दरम्यान आपला लॅपटॉप उघडला होता. "हे बघा, सापडलं सफाईचं साधन. पहिलंच आलंय."

कानताई वाकून बघायला गेली आणि थबकली. कंपनीचं नाव बरोबर होतं, पण पत्त्यात एक अक्षर जास्त. "भावजी, थांबा. हे त्यांचं नाही. ही कुणीतरी दिलेली जाहिरात आहे."

भावजींनी माऊसवरचं बोट चटका बसल्यासारखं उचललं. मग त्यांनी कंपनीचा पत्ता स्वतः टाइप केला, दोन्ही फाईली खऱ्या जागेवरून उतरवल्या आणि पेन ड्राइव्ह तपासून तिच्या हातात दिला. आता त्यांचं बोलणं कमी झालं होतं.

नवा बिनबोभाट निघाला. रिस्टार्ट केलं. जुना काढायला गेली तर त्यानं पासवर्ड मागितला.

"पासवर्ड? हा मी कधी ठेवलाच नाही."

"मी ठेवला होता," भावजी पुटपुटले. "मुलांनी चुकून काढू नये म्हणून."

"मग घाला की."

त्यांनी एक घातला. चुकला. दुसरा घातला. तोही चुकला. जुना फोल्डर सरळ उडवून टाकू का, असं त्यांनी विचारलं. कानताईंनी नुसतं त्यांच्याकडे बघितलं, तेव्हा ते परत बसले. जुने पासवर्ड एकेक आठवून बघू लागले. मग एकदम त्यांचे कान लाल झाले.

"वहिनी, तुम्ही जरा तिकडे बघा."

"आता काय लपवायचं राहिलंय?"

"आमच्या हिचं लाडाचं नाव आहे हो. लग्नाच्या वेळचं."

कानताईंनी भिंतीकडे तोंड केलं. भावजींनी ते नाव टाइप केलं आणि जुना राखणदार निमूट निघून गेला. त्याही स्थितीत तिला हसू फुटलं. नर्सबाई मोठ्यानं ओरडल्या, "मला पण सांगा ना, काय झालं!"

सफाई झाली, पुन्हा रिस्टार्ट, मग नवा घातला. त्याचा हिरवा दिवा लागल्यावरच तिनं नेटची वायर जोडली. त्यानं आपली ताजी माहिती उतरवून घेतली आणि कॉम्प्युटर तपासायला सुरुवात केली. बाहेर उन्हं कलली होती. सगळं सुरळीत चाललंय असं वाटत असतानाच लाल चौकट उठली: धोकादायक फाईल पकडून बाजूला ठेवली आहे. कानताईंनी वाकून नाव वाचलं. ती फाईल कानाची मशीनं जोडायच्या प्रोग्रामचीच होती. तिच्याशिवाय एकाही मशीनला हात लावता येणार नव्हता.

"सोडा म्हणा तिला," भावजी घाईनं म्हणाले. "आपलीच फाईल आहे. त्या अख्ख्या फोल्डरलाच तपासणीतून सूट देऊन टाका."

सूट द्यायचं बटण समोर होतं. नर्सबाई ताटकळत होत्या. आणि आपलीच फाईल असेल, असं तिलाही वाटत होतं. पण जुना इतके दिवस नीट बघत होता की नाही, याची खात्री कुणी द्यावी? बाहेरचं काहीतरी त्या फाईलमध्ये शिरलं असेल तर? तिनं ना सोडलं, ना पुसलं. पुन्हा फोन उचलला.

इंजिनियरनं फाईलची खूण वाचून दाखवायला सांगितली. अंक-अक्षरांची लांबलचक माळ, फाईलमध्ये जरा काही बदललं तरी बदलणारी. ती वाचताना तिचा आवाज दोनदा अडखळला, दोनदा मागे जाऊन वाचावं लागलं. तिकडे तो आपल्याकडच्या मूळ फाईलशी ताडून बघत होता. मग म्हणाला, "एक अक्षरही इकडचं तिकडे नाही, मॅडम. फाईल आमचीच आहे, खोटा संशय आलाय त्याला. तेवढ्या एका फाईलला सूट द्या. फोल्डरला नको. त्यांच्या कंपनीला आम्ही कळवतो."

तिनं तेवढंच केलं. प्रोग्राम उघडला. नर्सबाईंचं डावं मशीन जोडलं. पट्टी सुरू झाली, अर्ध्यावर आली, आणि भावजींनी श्वास रोखून धरला. पट्टी पुढे गेली. पुरी झाली.

कानताईंनी मशीन त्यांच्या कानात बसवलं आणि मागं जाऊन टेबलावर चमचा हलकेच वाजवला. नर्सबाईंनी चटकन मान वळवली. बारीक सूरही लागत होते.

"वाचलो बुवा," भावजी तोंडातल्या तोंडात म्हणाले.

"तुम्ही वाचलात, पण माझी बस गेली," नर्सबाई म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात. भावजींनी त्यांना आपल्या स्कूटरवरून घरी सोडलं.

सगळे गेल्यावर कानताई केबिनमध्ये शिरली, दार ओढून घेतलं आणि स्टुलावर बसली. त्या शांततेत तिला स्वतःच्या छातीचे ठोके ऐकू येत होते. ते खाली येईपर्यंत ती तिथेच बसून राहिली.

भावजी काही दिवस फिरकले नाहीत. वहिनीनं परक्या बाईसमोर हात धरला, हे त्यांना लागलं होतं. आपण प्रत काढायचं पुढे ढकललं आणि कॉम्प्युटर उघडा टाकून केबिनमध्ये गेलो, हे तिलाही लागलं होतं. मग एके दिवशी ते स्वतःच आले. दुकानातला अँटिव्हायरस बदलायचा होता. "तुम्ही शेजारी बसा नुसत्या," म्हणाले. ती बसली. तिनं कॉम्प्युटरला हात लावला नाही, फक्त मध्ये एकदा विचारलं, "नेट बंद केलंत?"

नुकसान झालंच नाही असं नाही. त्या दुपारी केबिनमध्ये असलेल्या आजोबांची नवी तपासणी त्या गोंधळात पुसली गेली होती, प्रतीतही आली नव्हती. कानताईंनी त्यांना फोन करून खरं ते सांगितलं आणि परत बोलावलं. ते कुरकुरतच आले. "एकदा दाबलं ना मी ते बटण? पुन्हा कशाला?"

"चूक माझ्याकडे झाली, आजोबा," ती त्यांना हाताला धरून केबिनकडे नेत म्हणाली. "या, बसा आत. आवाज आला की दाबायचं. अगदी बारीक आला तरी."