सात नंबरची जागा

भर बाजारात, औषधांच्या एका दुकानाच्या अगदी समोर, बुटांचं एक छोटं दुकान आहे. साध्या बुटांचं नाही. ज्यांचा पाय जन्मतः वाकडा आहे, ज्यांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा दोन बोटं आखूड आहे, ज्यांच्या टाचेचं हाड वाढलं आहे, अशा लोकांसाठी इथे माप घेऊन बूट बनतात. चाळीस वर्षं बनताहेत. बनवणाऱ्याला सगळा बाजार मापवाले म्हणतो. त्यांचं खरं नाव त्यांच्या बायकोला तरी चटकन आठवेल की नाही, याची मला खात्री नाही.

मापवाल्यांचा कोणावर विश्वास नव्हता. गिऱ्हाईक म्हणायचं, उजवा पाय दुखतो. मापवाले मान डोलवायचे, आणि मग त्याचा जुना बूट उलटा करून सोल कुठे झिजलाय ते बघायचे. दहांत सहा वेळा दुखणं डाव्या पायातून सुरू झालेलं असायचं. धंद्यात हा संशय त्यांच्या फार उपयोगी पडला. घरात मात्र त्याचा ताप व्हायचा. भाजीवाल्याच्या तराजूपासून सख्ख्या मेव्हण्याच्या गोड बोलण्यापर्यंत सगळ्यात त्यांना काहीतरी काळंबेरं दिसायचं. बायको म्हणायची, "अहो, तुम्हाला स्वतःच्या सावलीचासुद्धा संशय येतो. मागे वळून वळून बघत असता."

सगळ्यात जास्त संशय समोरच्या औषधवाल्याचा. बारा वर्षांपूर्वी त्याने दुकानावर लुकलुकणारा हिरवा दिवा लावला. तो उजेड थेट मापवाल्यांच्या दुकानात पडायचा आणि चामड्याचा रंग कळेनासा व्हायचा. मापवाले तक्रार घेऊन गेले तेव्हा औषधवाला हसला. "लोकांना दुकान दिसायला नको का?" म्हणाला. महिन्याभराने दिवा काढला त्याने, पण हसला होता ते हसलाच होता. त्या दिवसापासून दोघांत विस्तव जात नव्हता. मापवाले रक्तदाबाच्या गोळ्यासुद्धा बायकोला दोन गल्ल्या पलीकडच्या दुकानातून आणायला सांगायचे.

आणि त्यात ती राखाडी गाडी. औषधवाल्याची गाडी रोज सकाळी मापवाल्यांच्या दारासमोर उभी असायची. स्वतःच्या दुकानासमोरची जागा मोकळी सोडून हा माणूस रस्ता ओलांडून गाडी इकडे लावतो, यात कुठेतरी पाणी मुरतंय हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. मापवाल्यांनी मान वर केली की राखाडी गाडी. चहा प्यायला बसले की राखाडी गाडी. संध्याकाळी शटर ओढलं तरी ती तिथेच. लंगडणारं माणूस लांबून चालत येणार कसं? दुकान बंद पाडायचा डाव होता हा, दुसरं काय.

आता इथे मापवाल्यांची काम करायची पद्धत सांगायला हवी. गिऱ्हाइकाची खुर्ची आतल्या भिंतीला, तोंड रस्त्याकडे, म्हणजे पायांवर उजेड पडतो. मापवाले तिच्यासमोर बुटक्या स्टुलावर, पाठ रस्त्याकडे. फळीवर कागद, कागदावर पाय, पायाभोवती पेन्सिल. एकदा पाय हातात घेतला की अर्धा-पाऊण तास त्यांची मान वर होत नसे. बाहेर हत्ती गेला असता तरी त्यांना कळलं नसतं.

मागच्या वर्षी बाजारात पालिकेची एक बाई आली. डोक्याला टोपी, हातात कागदाचं पॅड. दर पंधरा मिनिटांनी रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायची आणि उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीचा नंबर लिहायची. मापवाल्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. रस्त्याच्या टोकाला तळघरात गाड्या लावायची सोय असलेलं मोठं दुकान झालं होतं. ही नक्की त्यांची माणूस. इथली पार्किंग बंद करायची आणि सगळं गिऱ्हाईक तिकडे वळवायचं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला अडवलंच. "कोणी पाठवलं तुम्हाला?"

"पालिकेने, काका. खरेदीला येणाऱ्यांना गाडी लावायला जागा मिळत नाही, अशी तुम्हीच सगळ्यांनी तक्रार केली होती ना?"

"मी सही केली नव्हती."

"हो, काका. तेवढी एकच सही नाहीये."

त्यांनी तिचं ओळखपत्र मागितलं, उजेडात धरून पाहिलं, फोटो आणि चेहरा ताडून पाहिला. मग तिच्या बुटांकडे पाहिलं. दोन्ही सोल सारखे झिजलेले. बाई खरंच दिवसभर चालत होती. तेव्हा कुठे ते थोडे सैल झाले आणि म्हणाले, "ती राखाडी गाडी तेवढी नीट लिहा. माझ्या दारासमोरची."

"सात नंबरची जागा," ती म्हणाली. "लिहिते आहे."

सहा दिवस तिने लिहिलं. पंधरा दिवसांनी शाळेच्या हॉलमध्ये सगळ्या दुकानदारांची बैठक झाली. बाईने सरळच सांगून टाकलं. रस्त्यावर चोवीस जागा. त्यांतल्या पंधरा जागांवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत दुकानदारांच्याच गाड्या. गिऱ्हाईक येतं, दोन चकरा मारतं आणि निघून जातं. कापडवाल्याने छताकडे पाहिलं, घड्याळवाल्याने घड्याळाकडे. मापवाल्यांकडे गाडीच नव्हती, त्यामुळे त्यांना इतकं बरं वाटत होतं की विचारू नका.

ते उठून उभे राहिले. "सात नंबरवरची गाडी कोणाची ते सगळ्यांना ठाऊक आहे. पहिली ती हलवा."

बाईने कागद चाळले. "काका, सात नंबरचं जरा वेगळं आहे, म्हणजे—"

"वेगळं म्हणजे? त्यांना सूट आहे का?"

मागच्या रांगेतून औषधवाल्याचा आवाज आला. "हलवतो." मापवाल्यांना पुढचं काही ऐकायचंच नव्हतं.

महिन्याभरात पांढरे पट्टे आखले गेले. जागांवर आकडे पडले. कोणालाही एक तासच. दुकानदारांच्या गाड्या जुन्या छापखान्यामागच्या मैदानात, तिथून बाजार दहा मिनिटं चालत. आणि खरं सांगायचं तर बाजाराचं रूप पालटलं. गाड्या येत होत्या, जात होत्या. कापडवाल्याला जेवायला फुरसत मिळेना. सात नंबरची जागा दोन मिनिटंसुद्धा रिकामी राहत नव्हती.

मापवाल्यांच्या दुकानात मात्र कोणी येईना. पहिल्या आठवड्यात एक जण आला. दुसऱ्यात कोणी नाही. तिसऱ्यात कोणी नाही. फळीवरचा कोरा कागद कडेने पिवळा पडायला लागला. गणिताच्या बाईंचे बूट तयार होऊन खोक्यात पडले होते. बाई शाळेत गणित शिकवायच्या तेव्हापासून त्यांचा वाकडा डावा पाय मापवाल्यांच्या हातातला. बूट वेळेवर न्यायला आल्या नाहीत असं कधी झालं नव्हतं. रात्री जेवताना मापवाले घास हातात धरून बसले. पासष्टाव्या वर्षी दुसरं काय करणार होते ते? पाय सोडून त्यांना जगातलं काही येत नव्हतं.

"औषधवाल्याने फोडली माझी गिऱ्हाइकं," ते म्हणाले. "सूड घेतोय."

"पाय दुखणारी माणसं फोडून तो काय करणार? लोणचं घालणार?" बायको म्हणाली. "बाईंना जाऊन विचारा ना."

ते खोकं आणि मापांची वही पिशवीत टाकून गेले. बाईंच्या घरी दार भाच्याने उघडलं. हाच त्यांना गाडीतून दुकानात आणायचा. बाई पाय उंच ठेवून बसल्या होत्या, घोटा सुजलेला.

"तीनदा येऊन गेले," बाई म्हणाल्या. "दोनदा चकरा मारून परत. तिसऱ्यांदा याला म्हटलं, लाव कुठेही, चालते मी. त्या छापखान्याकडून निघाले. अर्ध्या वाटेवर एका पायरीवर बसले ती उठताच येईना."

मापवाल्यांनी पिशवी बाजूला ठेवली आणि घोट्याला हात लावून पाहिला.

"तुमची आधीची सोय किती चांगली होती," बाई पुढे म्हणाल्या. "आमची गाडी वळणावर दिसली की ते समोरचे औषधवाले किल्ल्या घेऊन बाहेर यायचे. आपली राखाडी गाडी काढून मागच्या गल्लीत न्यायचे. आम्ही त्या जागी लावायचो. आम्ही गेलो की ते परत आणून उभी करायचे. तुम्हीच सांगून ठेवलं होतंत ना त्यांना?"

मापवाले "हं" म्हणाले. ते धड होय नव्हतं, धड नाही नव्हतं, आणि त्या एका हुंकाराची त्यांना जन्मभर लाज वाटणार होती.

पण माणूस असा एका झटक्यात बदलत नाही. रस्त्याने येताना त्यांना वाटलं, बाईंचं वय झालंय, चुकत असतील. एखाद्या वेळी झालं असेल तसं. ते तडक पालिकेत गेले आणि टोपीवाल्या बाईकडे ते सहा दिवसांचे कागद मागितले. तिने सात नंबरचा रकाना काढून दिला. राखाडी गाडीचा नंबर, राखाडी गाडीचा नंबर, मग दुसराच एक नंबर दोन-तीन ओळी, आणि पुन्हा राखाडी. सहा दिवसांत चौदा वेळा. मापवाल्यांनी पिशवीतून आपली मापांची वही काढली. कुठल्या दिवशी, किती वाजता, कोणाचा पाय. बोट ठेवत ठेवत त्यांनी ताडून पाहिलं. चौदाच्या चौदा. मान वर केली की गाडी दिसायची, कारण मान वर व्हायची ती दुकान रिकामं असतानाच.

"बैठकीत हेच सांगत होते, काका," बाई म्हणाली. "तुम्ही बोलू दिलं नाहीत."

आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता त्यांनी, तोही भर सभेत उभं राहून. बाईने एक अर्ज पुढे केला. चालायला त्रास असणाऱ्यांसाठी एक जागा राखून ठेवता येते. पण शेजारच्या आणि समोरच्या दुकानदाराची संमती लागते, सही आणि शिक्का.

शेजारच्या घड्याळवाल्याने उभ्या उभ्या सही दिली. उरली समोरची. रस्ता वीस पावलांचा होता, पण मापवाल्यांनी तो ओलांडायला सकाळचे अकरा वाजवले. दोनदा पायरीवरून परत फिरले. त्यातही डोक्यात एकच चक्र: याचा काय फायदा होता? फुकट कोण कशाला करेल?

औषधवाल्याने त्यांना पाहिलं आणि फळीवरचं एक पाकीट काढून काउंटरवर ठेवलं. "रक्तदाबाच्या ना? वहिनी नाही आल्या या वेळी. संपल्या असतील परवाच."

मापवाले पाकिटाकडे बघत राहिले. बारा वर्षं ते या माणसाच्या हातच्या गोळ्या गिळत होते. बायकोशी नंतर बोलायचं ठरवून त्यांनी अर्ज पुढे केला. "सही हवी होती. सात नंबरच्या जागेसाठी."

औषधवाल्याने अर्ज वाचला, सही केली. "शिक्का आत आहे," म्हणाला आणि वळला.

आणि मापवाल्यांना त्याची पावलं ऐकू आली. एक हलकं, एक जड. एक हलकं, एक जड. त्यांनी काउंटरवरून वाकून पाहिलं. डावा पाय बाहेरच्या कडेवर टेकत होता आणि बुटाची टाच तिथे पार झिजून गेली होती. बारा वर्षं हा माणूस त्यांना कमरेच्या वरच दिसला होता.

"हे कधीपासून?"

"थोडं लहानपणापासूनच आहे. महिन्याभरात वाढलंय." औषधवाल्याने शिक्का मारला. "चालणं वाढलं ना."

सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं, छापखान्यामागून. मापवाल्यांना ते सांगायची गरज नव्हती. ते काउंटरची आडवी फळी उचलून आत गेले, गोळ्यांच्या खोक्यांवरचा तपकिरी कागद ओढून जमिनीवर पसरला आणि गुडघ्यांवर बसले, पाठ रस्त्याकडे.

"बूट काढा."

"अहो, दुकानात गिऱ्हाईक येईल."

"थांबेल. काढा."

औषधवाल्याने बूट काढला. मापवाल्यांनी पाय हातात घेतला, कागदावर ठेवला आणि कानामागची पेन्सिल काढली. टाचेपासून सुरुवात केली.

"इतकी वर्षं करत होतात. सांगितलं का नाही?" ते खाली मान घालूनच म्हणाले.

"इथून दिसायचं मला. पाय धरून बसलेली माणसं गाडीत, आणि तुम्ही आत खाली मान घालून. त्यात सांगण्यासारखं काय होतं?" औषधवाला म्हणाला. "आणि सांगितलं असतं, तर विश्वास ठेवला असता तुम्ही?"

पेन्सिल टाचेवरून निघाली, बाहेरच्या कडेने करंगळीपर्यंत आली आणि तिथे थांबली.

"नसता," मापवाले म्हणाले. "हलू नका."