सनवाले भाऊजींची करवत

माझा डावा पाय तुळईखाली होता आणि सनवाले भाऊजी हातात करवत धरून ती किती जुनी आहे ते सांगत होते. वरून माळवदाची माती भुरुभुरु गळत होती. शेजारची दुसरी तुळई कुरकुरत होती. खोलीत करवती अठरा, वाकस नऊ, पटाश्या तर मोजायच्या सोडून दिलेल्या. पण कापणारा माणूस एक नाही.

"वहिनी, हिचे दात मूळचे आहेत," भाऊजी म्हणाले.

"मंग माझा पाय काय मागून बसवलेला हाय का?" मी विचारलं.

त्यांचं खरं नाव रेशन कार्डावर होतं आणि तिथंच राहिलं. सेनगावच्या कचेरीत कारकुनी करून ते साखऱ्याला परत आले, तेव्हापासून गाव त्यांना सनवाले म्हणायचं. कोणतंही जुनं हत्यार हातात दिलं की ते त्याचा सन सांगत. न दिलं तरी सांगत. लग्नाच्या पंगतीत सुताराचा रंधा दिसला म्हणून पानावरून उठलेला माणूस मी तो एकच पाहिला. बायको लवकर गेली होती. तिचं जन्मसाल मात्र त्यांना नक्की सांगता येत नव्हतं.

सन सांगायची त्यांची एक रीत होती. आधी हत्यार कापडावर ठेवायचं, खिशातून भिंग काढायचं आणि पाहणाऱ्यांना गप्प करायचं. पटाशीवर कंपनीचा शिक्का आहे पण देशाचं नाव नाही, तर ती जुनी. देशाचं नाव आलं की त्या मानानं नवी. गजावर तसू खोदलेले असले तर फार जुना, इंच असले तर मधला, सेंटिमीटर असले तर ते त्याच्याकडे पाहतसुद्धा नसत. करवतीच्या मुठीचे स्क्रू पितळेचे की लोखंडाचे, मुठीला बोटांसाठी कोरलेली नक्षी हाताची की यंत्राची, सगळं बघायचे. "हत्यार बोलतं वहिनी, ऐकायला निवांतपणा पाहिजे," असं म्हणायचे. पेन्शन झालेल्या माणसाला निवांतपणाची काय कमी.

देशी करवत आणि विलायती करवत यांतला फरक त्यांनी मला निदान शंभरदा सांगितला असेल. देशी करवतीचे दात कापणाऱ्याकडे तोंड करून असतात, ती ओढताना कापते. विलायतीचे दात पुढं तोंड करून, ती ढकलताना कापते. मी सुताराची बायको, हे मला माझ्या लग्नापासून दिसत होतं. पण ते सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की कथा सांगून राहिले, म्हणून मी ज्वारी निवडत ऐकून घ्यायची.

एवढं ज्ञान असलेल्या माणसानं जन्मात एक खिळा ठोकलेला नव्हता. त्यांच्या खाटेचा एक पाय हलायचा. आमचे मालक तो ठीक करायला गेले आणि हातोडा मागितला. घरात हातोडे चौदा. भाऊजींनी एक एक पुढं केला आणि एक एक मागं घेतला. हा दांड्यासकट मूळचा, हा रेल्वेच्या कामावरचा, ह्याच्या तोंडावर अजून घावाची खूण नाही. मालक शेवटी स्वतःचा हातोडा आणायला घरी आले, ते परत गेलेच नाहीत. खाटेखाली वीट लागली. ती वीट कोणत्या भट्टीची, तेही भाऊजींना माहीत होतं.

"वापरलं की हत्याराचं वय जातं," हे त्यांचं आवडतं वाक्य.

"अन् न्हाई वापरलं की गंजतं. गंजाला काय सन इचारता?" हे आमच्या मालकांचं.

रोज दिवेलागणीच्या आधी दोघं आमच्या ओट्यावर बसून हेच भांडत आणि चहा माझ्याकडून उकळून घेत. मालकांची पेटी भाऊजींना फार आवडायची. शिसवी पेटी, सासऱ्यांपासून आलेली. रंधे तीन, किकरी, गिरमिट, गुण्या, आणि सगळ्यांवर एक विलायती करवत. निजामाच्या राज्यात सासऱ्यांनी एका साहेबाच्या बंगल्याची दारं केली आणि साहेबानं खूश होऊन स्वतःच्या हातानं ती दिली, असं आमच्या घरात म्हणत. माझ्या लग्नातही म्हणाले होते. दुसरं सांगण्यासारखं काही नव्हतं.

एक दिवस भाऊजींनी भिंग लावलं आणि सांगून टाकलं की ही करवत बनली तेव्हा साहेब आपल्या देशात जाऊन बसला होता. मालकांनी करवत पेटीत ठेवली, पेटीला कुलूप लावलं आणि आठ दिवस भाऊजींशी बोलले नाहीत. बापाला खोटं पाडलं म्हणाले. आठ दिवस मीही दोघांचा चहा वाचवला.

नवव्या दिवशी भाऊजी आले. ओट्यावर बसले नाहीत, उभ्यानंच म्हणाले की आपली चूक झाली, मूठ नंतरची आहे पण पातं जुनं आहे, पातं साहेबाच्या वेळचंच. मालक मला म्हणाले, चहा टाक. पातं पुन्हा न पाहता सांगितलेला सन तो. पेटीला कुलूप होतं, हे तिघांनाही माहीत होतं.

भाऊजींनी सगळं लोखंड आपल्या मधल्या खोलीत माळवदाला टांगलं होतं. शिकंजे, घण, मोडक्या ऐरणी, सगळं वर. शहरातून फोटो काढणारे यायचे, माना वर करून वा वा करायचे. मालकांनी एकदा काठीनं तुळईचं भिंतीतलं टोक ठोकून पाहिलं.

"भाऊजी, हिला वाळवी लागली. बदला."

"अहो ही माझ्या आजोबांनी घातलेली. अस्सल साग आहे."

"मधी हाय साग. तोंडाशी भुसा हाय."

भाऊजींनी तुळईला हात लावून तिचा सन सांगितला. मालक म्हणाले, सन बरोबर आहे, तेवढं वजन उतरवा. उतरवलं नाही.

मालक वारल्यावर पेटीचा प्रश्न आला. माझी दोन्ही पोरं हिंगोलीत ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवतात. त्यांना पेटी नको होती, कारण तिला प्लग नाही. मी ती भाऊजींना दिली. अट एकच घातली, की दर खंडेनवमीला ही हत्यारं खाली काढायची आणि हळदकुंकू मी लावणार. सुताराच्या घरात ते चुकत नाही. भाऊजी कबूल झाले, फक्त कुंकू शिक्क्यावर लावू नका म्हणाले.

त्या खंडेनवमीला मी सकाळी ताट घेऊन गेले. पेटीतली हत्यारं चौरंगावर मांडलेली होती. झेंडू वाहिला, करवतीला हळदकुंकू लावलं, शिक्का सोडून. भाऊजी टांगलेल्या हत्यारांनाही फुलं खोचायला स्टुलावर चढले आणि एका घणाला धरून तोल सावरला. तुळईचं तोंड भिंतीतून सुटलं. ते स्टुलावरून कोपऱ्यात पडले, त्यांना खरचटलं. तुळई माझ्या पायावर आली. दुसरं टोक अजून भिंतीत अडकलेलं होतं, म्हणून ती उचलताही येईना. उचलली तर उरलेलं माळवद खाली.

गाव गोळा झालं. आता मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको की खंडेनवमीला पुजलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलत नाहीत. उचललं तर ते वर्षभर हात खातं म्हणतात. शेजारचा दगडू धावत आला तो रिकाम्या हातानं.

"काकू, कुऱ्हाड पुजली हाय सकाळीच," तो दारातून म्हणाला.

"काहून पुजली रे एवढ्या लवकर?"

"दरसाल उशीर होते म्हून."

गावातली एकूणएक कुऱ्हाड, करवत, पहार झेंडूखाली बसलेली. जेसीबीवाल्याला फोन लावला. त्यानं सांगितलं की मशीनला हार घातला आहे, नारळ फोडला आहे, आणि तो स्वतः जेवायला बसला आहे. कुणी म्हणालं औंढ्याच्या महाराजांना विचारून घेऊ, चालतं का. महाराजांचा फोन लागेना, पूजेचा दिवस, ते कामात. माझ्यासाठी देवाची परवानगी वेटिंगवर होती. दोघं जण दारातून मोबाईलवर मला काढून राहिले होते. माती पडायची थांबली नव्हती.

भाऊजींनी पहिल्यांदा हाताशी आलेली करवत घेतली, ती गंजानं लाल. दुसरी तशीच. त्यांनी कुणाला धार लावू दिली असती तर ना. सगळ्या खोलीत धार होती ती एकाच करवतीला, मालकांच्या. आजारी पडायच्या आधी अंगणात बसून त्यांनी कानस फिरवली होती, ती धार तशीच होती. भाऊजींनी ती उचलली आणि मग ते दातांचं बोलले, ते मी वर सांगितलंच.

"भाऊजी, पाप लागलं तं माझ्या खात्यावर. कापा," मी म्हणाले.

त्यांनी सदऱ्याच्या टोकानं हळदकुंकू पुसलं. शिक्काही पुसला, बघितलासुद्धा नाही. माझ्या पायाच्या पुढं, भिंतीत अडकलेल्या टोकाच्या बाजूला तुळईवर करवत ठेवली आणि ओढायला लागले. कापेना. घाम आला, आणखी जोर करून ओढायला लागले. शंभरदा सांगितलेली गोष्ट त्यांना त्या वेळी आठवली नाही.

"विलायती हाय ती," मी खालून म्हणाले. "ढकला."

ते ढकलायला लागले. भुसा माझ्या तोंडावर यायला लागला, तेव्हा मला बरं वाटलं. मधला साग खरंच अस्सल होता, सरता सरत नव्हता.

"वहिनी," ते धापा टाकत म्हणाले, "मी तेव्हा खोटं बोललो. पातं साहेबाच्या वेळचं नाही."

"म्हायती हाय. त्यायलाबी म्हायती होतं. ढकला."

तुळईत जुना खिळा निघाला. त्यावर करवतीचे तीन दात गेले. मला आवाज ऐकू आला आणि त्यांनाही. ते थांबले नाहीत. तुळई तुटली तेव्हा दगडूनं आणि दोघातिघांनी मला बखोटीला धरून ओढलं. भाऊजींना कुणी ओढलं नाही, ते करवत घेऊन स्वतःच मागून आले. माळवद त्यानंतर बसलं.

पायात सळई आहे. थंडीत दुखतो. गावातल्या कुणाचा हात वर्षभरात कापला नाही, भाऊजींचाही नाही.

भाऊजी नंतर ओट्यावर यायचे ते पूर्वीइतकं बोलायचे नाहीत. करवत माझ्याकडे परत आणून दिली. पाहुण्यांनी तिचा सन विचारला तर भिंग न काढता म्हणायचे, "ही? ही सुताराची आहे." दीड वर्षानं ते झोपेतच गेले. पुतण्या आला आणि ढिगाऱ्यातून काढलेलं सगळं टेम्पोत घालून घेऊन गेला. ते आता हायवेवरच्या एका हॉटेलात भिंतीवर टांगलेलं आहे म्हणतात. लोक त्याच्याखाली बसून शेवभाजी खातात. खिळे तरी नीट ठोकले असतील.

करवतीचे दात मी इथल्या जवळच्या गोरेगावहून घासून आणले. तीन नाहीत, तरी तुराट्या आणि सरपण कापते. खंडेनवमीला कुंकू लावते, शिक्क्यावरसुद्धा. लावून झालं आणि चुलीला काही नसलं तर त्याच दिवशी वापरते.

तुळई पडली तेव्हा त्या खोलीत आम्ही दोघं होतो. दोघंही जिवंत बाहेर आलो. त्यातली आता मी आहे.