हवालदाराच्या चिठ्ठीतलं ‘खाली’

जबलपुरात कोर्टाबाहेर टेबल मांडून कुंदा एकतीस वर्षं टाइपिंग करते आहे. माझ्या अर्जात चूक काढणारा अजून जन्माला यायचाय, असं ती कुणी न विचारताच सांगते. घमापुरातल्या तिच्या घरी दर रविवारी दुपारी ओळखीची आठ-दहा मराठी मंडळी चोर-हवालदार खेळायला जमतात. तिथेही निवाडा तिचाच.

खेळ चिठ्ठ्यांचा. सुरुवातीला कुंदा गुपचूप भूमिका वाटते. दोघं चोर, एक वैद्य, एक हवालदार, बाकी सारे गावकरी. मग ‘रात्र’ झाली की प्रत्येकानं चिठ्ठी लिहून बिस्किटांच्या डब्यात टाकायची. कुणाला उडवायचं ते चोर लिहितात, कुणाला वाचवायचं ते वैद्य. हवालदार एकाला कोठडीत टाकू शकतो, आणि कोठडीतल्याचा त्या रात्रीचा डाव वाया. गावकरी नुसतं रामराम लिहितात, म्हणजे कोण कोण आहे ते कळत नाही.

वांधा व्हायचा तो सगळ्यांचं एकदम भिडलं की. औषध आधी पोचलं की कोठडी आधी? यावरून दिवाळीत दोन बहिणी महिनाभर अबोला धरून बसल्या होत्या. शेवटी कुंदानं भिंतीवर कागदच चिकटवला. आधी हवालदार, मग वैद्य, मग चोर. “बुलडोझर दारात आला की कोर्टाच्या स्टेचा कागद आधी वाचतात,” ती म्हणाली. “घर पाडल्यावर वाचून काय कपाळ?”

त्या रविवारी मात्र तिचं निम्मं लक्ष खेळात नव्हतं. तिची नात दुर्वा भोपाळहून अकरावीसाठी आली होती. दोन महिने झाले, पोरगी जेवायला बोलावलं तर “हाँ”, झोप म्हटलं तर “अच्छा”, याच्या पुढे जात नव्हती. आज तर सकाळीच तिनं बॅग भरून दारात ठेवली होती. तुझ्या घरात नुसते नियम आहेत, मी संध्याकाळच्या गाडीनं परत जाते, असं तिनं हिंदीत सांगून टाकलं होतं. एक डाव खेळ आणि मग जा, इतकंच कुंदानं कबूल करून घेतलं. हवालदार तिलाच केलं, तेही मुद्दाम. अट एकच, चिठ्ठी मराठीतच लिहायची.

डब्यातून चिठ्ठ्या निघाल्या. चोरांनी तोफखान्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या अच्युतकाकांना उडवायचं ठरवलं होतं. वैद्यानं त्यांनाच वाचवलं होतं. आणि एक चिठ्ठी होती, ‘हवालदार – खाली’.

कुंदानं खोलीभर नजर फिरवली. सगळे खुर्च्यांवर, खाली सतरंजीवर एकटा अमेय. बँकेत बसून बसून बिचाऱ्याची कंबर गेलेली. पोरीला नाव आठवलं नसेल, तिनं मनाशी ठरवलं. वैद्य अमेयच होता. म्हणजे वैद्य कोठडीत, औषध नाही. तिनं जाहीर केलं की अच्युतकाका गेले.

काका महिन्याभरानं खेळायला आले होते आणि पहिल्याच रात्री बाहेर. ते उखडलेच. अमेयलाही राहवलं नाही. आपणच वैद्य आहोत, काकांना वाचवलं होतं, असं तो खेळ मोडून बोलून बसला. मग काका हवालदारावर घसरले. “ज्यानं कोणी वैद्याला आत टाकलं, त्यानं जाणूनबुजून केलं. असल्या माणसासोबत काहून खेळायचं?”

दुर्वा उठली. दारापर्यंत जाऊन तिनं बॅगेचा पट्टा खांद्यावर घेतला आणि तिथून वळून म्हणाली, “मैंने किसी को बंद ही नहीं किया, आजी. मी खाली लिहिलं. खाली. कोई नहीं.”

रिकामी चिठ्ठी टाकली तर ओळखू येईल, म्हणून पोरीनं तसं लिहिलं होतं. हिंदीतला रिकाम्या अर्थाचा हा शब्द तिला मराठीही वाटला, कारण घरात तो रोज ऐकू यायचा. खाली बस, खाली ठेव.

कुंदाच्या तोंडाशी आलं होतं की निवाडा झाला तो झाला. एकतीस वर्षांचा ताठा काही हलका नसतो. पण दारातल्या पोरीच्या खांद्यावरची बॅग तिला दिसत होती. तिनं चिठ्ठी पुन्हा उलगडली.

“चूक माझी,” ती म्हणाली. “नाव नसलेला हुकूम कुणावरही लागू होत नाही. मी तर माणूस सोडून सतरंजीच पकडली. अमेय मोकळा, काका जिवंत.”

काका खुर्चीवरून उतरून सतरंजीवर अमेयशेजारी जाऊन बसले. “आता मी खाली,” ते म्हणाले. “बेटा, यावेळी आत टाकशील तर मलाच टाक.” दुर्वा फसकन हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

भूमिका उघड्या पडल्या होत्या, म्हणून डाव नव्यानं मांडला. दुर्वा गावकरी निघाली. भिंतीवरच्या कागदात तिनंच स्वतःच्या हातानं एक ओळ घातली: कुणी नाही तर ‘कुणी नाही’ लिहा. रात्र झाली, डबा फिरला. कुंदा एकेक चिठ्ठी उघडू लागली. एकीवर रामरामाच्या जागी लिहिलं होतं, ‘मी इथंच राहून राहिली.’

हे मराठी की हिंदी की दोन्हींची खिचडी, असं कुणी विचारलं असतं तर कुंदानं भांडण काढलं असतं. तिनं ती चिठ्ठी घडी करून कमरेला खोचली आणि म्हणाली, “गावात आज कुणी गेलं नाही.”

खरं तर चोरांच्या चिठ्ठ्या तिनं अजून वाचल्याच नव्हत्या.