सतरा नंबरचा वेल

२०२२ साली मी अडुसष्ट वर्षांचा होतो आणि दिल्लीच्या एका सरकारी शेती केंद्रात भोपळे चाखायचं काम करत होतो. हसायचं असेल तर हसून घ्या. काम खरं होतं.

माझं शिक्षण चौथी. थोरल्या भावाला दिल्लीत नोकरी होती, त्याच्या मागून आलो आणि केंद्रात मजूर म्हणून चिकटलो. रिटायर झाल्यावरही दर उन्हाळ्यात मला रोजावर बोलवायचे, ते माझ्या जिभेसाठी. तिथे आपल्या लाल भोपळ्याचा त्याच्या जंगली भावाशी संकर करायचे. जंगली भोपळा मुठीएवढा आणि कडूजहर, पण रोगाला दाद देत नाही. त्याचं बळ घ्यायचं आणि कडूपणा टाकायचा, सगळी विद्या एवढ्यासाठी. प्रत्येक वेलाचं पहिलं कोवळं फळ देठाकडून कापायचं, फोड जिभेवर ठेवायची, थुंकायची, चूळ भरायची. कडू निघाला तर वेल उपटायचा. गोड निघाला तर लाल चिंधी बांधायची. मग त्या वेलाच्या नर आणि मादी कळ्या संध्याकाळी दोऱ्याने बांधून ठेवायच्या, म्हणजे मधमाशी दुसऱ्याचा पराग आणत नाही, आणि सकाळी त्याच वेलाचा पराग आपल्या हाताने लावायचा. त्याचं बी पुढच्या वर्षी पेरायचं.

मोठे साहेब म्हणायचे, "मशीन रहने दो, बुढ़ऊ की ज़ुबान बुलाओ." मोठमोठ्या डिग्र्यांची माणसं वही उघडून माझ्या तोंडाकडे बघत उभी राहायची. मी मुद्दाम वेळ लावायचो. आयुष्यात दुसरं कोण माझ्या तोंडाकडे बघत उभं राहिलं होतं?

त्या वर्षी पुण्याची एक मुलगी तिथे पीएचडी करत होती. मराठी बोलणारा म्हणून मी तिचा काका झालो. तिचा तो शेवटचा हंगाम. एक कडू वेल गोडात गेला की पुढच्या पिढीत कडू निघणार आणि तीन वर्षं पाण्यात. "काका, सगळं तुमच्यावर हं," ती पहिल्या दिवशी म्हणाली.

आदल्या वर्षीच्या तापात माझी चव गेली होती. मग गोड परत आलं, खारट आलं, मी समजलो सगळं आलं. घरी कारलं कडू लागेना तेव्हा मी बाजाराला दोष दिला.

"हल्लीची कारलीच मचूळ," मी म्हणालो.

"कारली नाही, तुम्ही मचूळ झालात," बायको म्हणाली. "जीभ दाखवा डॉक्टरला."

"या जिभेवर सरकारचा भरवसा आहे. तू कोण?"

डॉक्टरकडे मी गेलो नाही.

शेतावर मुलीची तब्येत बरी नसायची. सारखी बाटलीने पाणी प्यायची, आणि एकदा मोटरच्या खोलीमागे ओकताना मी तिला पाहिलं. मी चांगली झापली. "बाहेरचं चमचमीत खाता तुम्ही पोरं, दुसरं काय!" ती तोंड पुसत म्हणाली, "हो काका, चुकलंच."

एका शनिवारी सतरा नंबरचा वेल मी चाखला. गोड. चिंधी बांधली. त्याचं दुसरं एक कोवळं फळ बरोबर घेतलं आणि मेट्रोने गाझियाबादला घरी आणलं. रविवारी दुपारी बायकोने त्याची भाजी केली. मला आधी वाढायची तिची रीत. मी अर्धी वाटी संपवली, मग ती जेवायला बसली. पहिलाच घास तिने ताटात थुंकला.

"अहो, थुंका! थुंका ते! जहर आहे नुसतं!"

तोंडातला घास मला गोडच लागत होता. तिने वाटी ओढून घेतली आणि हळूच विचारलं, "तुम्हाला खरंच कळलं नाही?" पाऊण तासात सगळं बाहेर आलं. जिभेला जे कळलं नाही ते पोटाला कळलं.

सोमवारी मला जायचं नव्हतं. गप्प बसलो असतो तर कोणाला काय कळणार होतं? पण त्या पोरीची तीन वर्षं होती. गेलो. ती नळावर हात धूत होती.

"सतरा नंबर उपटून टाक," मी म्हणालो. "माझी जीभ गेलीय."

ती हात धूतच राहिली. "उपटलाय काका. शनिवारीच, तुम्ही गेल्यावर."

"कोणी चाखला?"

तिने वही दिली. माझ्या प्रत्येक निशाणीशेजारी पेन्सिलीने तिची निशाणी होती, पहिल्या दिवसापासून. अकरा ठिकाणी माझं गोड होतं आणि तिचं कडू. सतरा सोडला तर बाकीचे दहा तिने कीड लागली म्हणून माझ्यादेखत उपटले होते. म्हणजे ते पाणी पिणं, ते मोटरच्या खोलीमागे जाणं, सगळं माझ्या गोडापायी.

"मग मला रोज कशाला बोलवत होतीस?"

"तुम्हाला बरं वाटतं म्हणून."

चार पावलांवर दोन मजूर खाली मान घालून खुरपत होते. तिथे उपटायला गवताची काडी नव्हती.

"पहिल्याच दिवशी हाकललं असतंस तर माणसासारखा घरी गेलो असतो," मी म्हणालो. ती रडायला लागली. मी तिला गप्प केलं नाही. आज लिहितानाही त्याचं मला वाईट वाटत नाही. दया करायची तर तोंडावर करावी, मागे पेन्सिलीने नाही. संध्याकाळी मी नेहमीसारख्या कळ्या बांधल्या, तिच्याशी न बोलता, आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे पहिली मेट्रो पकडली. भोपळ्याचं फूल उजाडताना उमलतं आणि नऊ-दहापर्यंत मिटतं, ते कोणाच्या रुसण्यासाठी थांबत नाही. सतराच्या जागी रिकामा खड्डा होता. मी एकेका वेलाचं नरफूल खुडलं, पाकळ्या काढल्या, पराग मादीफुलात घासला, फूल परत बांधलं, चिठ्ठी लावली. पराग लावणाऱ्याच्या जागी माझी सही केली. चाखणाऱ्याची जागा सगळ्या चिठ्ठ्यांवर कोरी ठेवली. मग फळं चाखायला कापायचा माझा चाकू धुऊन, पुसून तिच्या टेबलावर ठेवला आणि ती यायच्या आत फाटकाबाहेर पडलो.