मागच्या सीटवरचा नमस्कार

आमच्या यांना देवळासमोर हात जोडायची सवय कोकणातून आलेली. मारुती असो, म्हसोबा असो, नाहीतर आमच्या अंधेरीच्या गावठाणातला क्रूस असो, हात जुळायचेच. मी देवाशी कामापुरतंच बोलते. यावरून आमचं लग्नापासून जुंपायचं, पण या सवयीपायी यांची नोकरी जायची वेळ येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

हे घाटकोपरच्या एका कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंगं काढत. तिथेच माळ्यावरून पडले आणि दोन्ही पाय कायमचे गेले. हात आणि डोकं शाबूत, म्हणून टेबल राहिलं. रोज दोन शेजारी यांना उचलून टांग्यात ठेवायचे आणि टांगेवाला ओरडायचा, "आलं का पार्सल?" सगळे हसायचे, हेही हसायचे, आणि संध्याकाळी ताटातला भात तसाच उरायचा. पुढे टांगेवाल्याने घोडाच विकला. कारखान्याच्या साहेबांनी निरोप धाडला, की स्वतःचे स्वतः येत असाल तर टेबल तुमचं, नाहीतर दुसरा माणूस बघतो.

मी पाटल्या मोडल्या आणि एक म्हातारी विलायती मोटार दारात आणली. गावठाणातला किरिस्ताव मिस्त्री ती हातांनी चालेल अशी करून द्यायला तयार झाला. अशी गाडी आधी केली होती का, असं मी विचारलं.

"नाय केली, बाय. पण पायांना काय अक्कल असते? हातांना असते. झकास होईल!"

झाली खरी. एक लोखंडी दांडा पुढे ढकलला की ब्रेक लागे, मागे ओढला की गाडी पळे. गियरच्या दांड्यावरच क्लचची पकड बसवली होती. चाक एका हाताने फिरवायला त्याला लाकडी मूठ लावली. गाडीच्या दारापासून आमच्या ओट्यापर्यंत एक फळी, म्हणजे यांना सरकत आत जाता येईल. तेव्हा वळताना खिडकीतून हात दाखवावा लागे, त्यासाठी मिस्त्रीने पत्र्याचा हात केला. कोपराने दोरी ओढली की तो दाराबाहेर यायचा. उरलेल्या हिरव्या रंगाने त्याला नखंसुद्धा काढली होती. तरी मला वाटे, हे दोन हातांच्या माणसाचं काम नाही. रावण असता तर त्याला उभ्या उभ्या लायसन्स मिळालं असतं.

पहिल्या दिवशी मिस्त्री यांच्या शेजारी बसला, मी मागे. कुर्ल्याच्या रस्त्याला गाडी छान धुरळा उडवत चालली होती. एवढ्यात मारुतीचं देऊळ आलं आणि यांनी दोन्ही हात जोडले. डोळेही मिटले.

आता ब्रेकही मोकळा आणि चाकही मोकळं. मिस्त्रीने तरी चाक धरावं, तर तो घाईघाईने स्वतःच्या छातीवर क्रूस काढत होता. गाडी रस्ता सोडून तबेल्यासमोरच्या गवताच्या गंजीत शिरली. एक म्हैस येऊन बॉनेटवरचं गवत खाऊ लागली.

"वाट लागली," मिस्त्री म्हणाला. "पण ब्रेक चांगला हाय, बाय. दाबला असता तर लागला असता."

माझं डोकंच फिरलं. "अहो, धडधाकट माणसाने हात जोडले तरी त्याचा पाय ब्रेकवर असतो! तुमचा ब्रेक हातातच आहे. आजपासून नमस्कार मी करीन. तुम्ही दांडा सोडायचा नाही."

"तुझा तर देवावर विश्वास नाही."

"नमस्काराला हात लागतात. माझे रिकामे आहेत."

मग तेच ठरलं. देऊळ दिसलं की हे म्हणायचे, "आलं गं." मी मागून हात जोडून म्हणायची, "यांचाही घे रे बाबा."

परीक्षेच्या दिवशी गाडी पाहूनच इन्स्पेक्टरसाहेबांचं तोंड आंबट झालं. त्यांनी पत्र्याच्या हाताला बोट लावून विचारलं, "हा कोणाचा?"

"ह्यांचाच, साहेब," मिस्त्री म्हणाला. "एक्स्ट्रा."

मला उतरायला सांगितलं. मागे वजन नसलं तर ही गाडी उसळते, असं मी ठोकून दिलं आणि बसून राहिले. साहेब पुढे बसले. हे एकदाही चुकले नाहीत, पत्र्याचा हातही वेळेवर बाहेर आला. मग मारुती दिसला.

"आलं गं," हे पुटपुटले. मी हात जोडले. बघते तर पुढे साहेबही हात जोडून, डोळे मिटून बसलेले! नेमकी तेव्हाच तबेल्यातली म्हैस रस्त्यात आली. मला ओरडायचंही सुचलं नाही. यांनी दांडा ढकलला आणि गाडी म्हशीच्या नाकासमोर उभी राहिली.

साहेबांनी डोळे उघडले ते म्हशीच्या तोंडासमोर. मग जरा रागानेच म्हणाले, "तुम्ही नमस्कार केला नाहीत?"

"माझा नमस्कार मागच्या सीटवर बसलाय, साहेब."

साहेबांनी वळून पाहिलं. माझे हात अजून जोडलेलेच होते, पण आता ते साहेबांसाठी होते. लायसन्स मिळालं.

कामावर जायच्या पहिल्या दिवशी हे फळीवरून सरकत आपले आपण गाडीत बसले. दोन्ही शेजारी सवयीने आले होते, त्यांना आता हातांचं काय करावं ते कळेना. गाडी गेली आणि माझ्या लक्षात आलं, की मागची सीट रिकामी आहे. वाटेत मारुती आहे. दिवसभर माझा जीव टांगणीला लागला.

संध्याकाळी दारात एक हॉर्न वाजला. मी धावतच ओट्यावर आले. "मारुतीपाशी हात सोडले नाहीत ना?"

"नाही गं. तिथे कोपराने एक हॉर्न दिला. देव घेतो समजून."

"मग इथे कशाला वाजवलात? इथे कुठलं देऊळ आहे?"

हे माझ्याकडे बघत राहिले. "दोन्ही हात गुंतले होते," म्हणाले.

मला रडू फुटलं, आणि शेजारी बघत होते म्हणून रागही आला. हे फळीवरून सरकत ओट्यावर आले आणि भूक लागली म्हणाले. त्या दिवशी यांच्या ताटात भाताचं शीतही उरलं नाही.