अप्पांचे जंतू आणि माझं दही

आमच्या अप्पांचा, म्हणजे वडिलांचा, मी प्रेमापोटी जवळजवळ पुतळा करून टाकला होता.

अप्पांना पार्किन्सन. कुंभकोणमच्या डॉक्टरांनी नेहमीच्या गोळीला आधार म्हणून चांगल्या जंतूंच्या कॅप्सूल दिल्या. आजार याने जात नाही, पोटाला मात्र बरं, असं त्यांनी बजावलं होतं. आणि पोट खरंच सुधारलं! झालं, माझ्यातला विज्ञानाचा मास्तर जागा झाला. एवढ्याशा कॅप्सूलचा हा गुण, तर आमच्या दह्याच्या भांड्यात केवढा असेल? (हा शोध मी कुणालाही न विचारता लावला.) आम्हा तंजावरी मराठ्यांचं जेवण दहीभातावरच संपतं. मी गोळीही त्याच घासाबरोबर देऊ लागलो. सकाळच्या गोळीवर वाटीभर दही, दुपारच्या गोळीवर दही, संध्याकाळच्या गोळीवर पुन्हा दही.

चार दिवसांत अप्पांची चाल जड झाली. मी दही वाढवलं. हात जास्त कापू लागला, तेव्हा आणखी वाढवलं!

"मज दही पुरे रे," अप्पा म्हणायचे. माझी बायको सरोजा म्हणाली, डॉक्टरांना एकदा विचारा. दह्यासाठी कसला डॉक्टर, म्हणून मी तिलाच झापलं.

अशात मरुदानल्लूर गावचं वार्षिक भजन आलं. तिथला पहिला अभंग दरवर्षी अप्पांचा, तोही उभं राहून. पुढच्या वर्षी जमेल की नाही कोण जाणे, म्हणून यंदा ते महिनाभर आधीपासून गुणगुणत होते. निघताना अंगात ताकद यावी म्हणून मी दुपारच्या गोळीबरोबर दोन वाट्या दही चारलं.

मंडपाच्या दारात अप्पांचे पाय थिजले. पाऊल उचलेचना. आत मृदंग लागलेला, सगळ्यांच्या नजरा आमच्यावर. अप्पा घामाने निथळत होते. आजार एकदम पुढे गेला, अप्पा आता गाणार नाहीत, या भीतीने मला रडूच फुटलं. सरोजाने डॉक्टरांना फोन लावून माझ्या हातात कोंबला.

"गोळी कशाबरोबर दिलीत?"

मी अभिमानाने सांगितलं.

"अहो, दह्यातली प्रथिनं त्या गोळीची वाट अडवतात. पुढची गोळी वेळेवर द्या, नुसत्या पाण्याबरोबर."

पुढच्या गोळीला तासभर होता. अप्पांना खुर्चीवर बसवलं. मंडळी तेवढा वेळ नामावळीच घोळवत राहिली, पण पहिला अभंग कुणी घेतला नाही. गोळी दिली. अर्ध्या तासाने अप्पांचा पाय हलला, मग दुसरा. सरोजाचा हात धरून ते आत गेले, उभे राहिले आणि गायले. मी मागे उभा राहून लहान मुलासारखा रडलो.

आठवड्याने डॉक्टरांकडे गेलो. अप्पा तमिळमध्ये त्यांच्या कानाशी काहीतरी पुटपुटले. डॉक्टर हसले आणि त्यांनी नवी चिठ्ठी लिहिली. ती मी स्वतःच्या हाताने फ्रिजवर चिकटवली आहे.

गोळी: जेवणाआधी एक तास. कॅप्सूल: चालू. मुलगा: बंद.