शेंदूर लावलेला अशनी

अळणावरजवळच्या आमच्या गावात, अक्काच्या शेताच्या बांधावर नारळाएवढा काळा दगड होता. भर दुपारी आभाळ कडाडलं आणि तो भातात येऊन पडला, हे तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं, त्यामुळे तिच्याशी भांडायचा हक्क मला पहिल्यापासून आहे.

त्याच बांधाशी तिचं बारशाआधी गेलेलं बाळ पुरलं होतं. दगड पडला तो त्यानंतरच्याच सुगीत. लेकरू गेलं, त्याच्या जागी आभाळानं हे धाडलं, असं अक्कानं कुणालाही न विचारता ठरवून टाकलं. रोज तेल, सणावाराला शेंदूर. मी धारवाडला कॉलेजात होते, म्हणून सुभाष रोडवरून शेंदराची पुडी आणायचं काम माझ्याकडं.

पुढे माझी नोकरीच अशनींची निघाली. सोनं, शिसं असली जड मूलद्रव्यं आपल्या सूर्यात घडत नाहीत. सूर्य जन्मायच्या आधीच्या ताऱ्यांनी ती घडवली, आणि त्याचा माग आभाळातून पडणाऱ्या या दगडांच्या पोटात टिकून राहतो. तो माग काढत मी जगभरचे दगड तपासायची, आणि घरचा अशनी बांधावर शेंदूर खात बसलेला! पण मागायचा कसा? तो कापावा लागणार होता. कित्येक दिवाळ्यांना गेले आणि तोंड न उघडता परत आले.

शेवटी तिनंच ओळखलं. ‘‘मागायला आलीस न्हवं? ने की. पर पुरा परत आण.’’

‘‘कापावा लागंल, अक्का.’’

ती बांधावर जाऊन दगड चाचपून आली. मग म्हणाली, ‘‘मधनं काप. तोंडाकडनं नको.’’ तोंड कुठलं, ते तिलाच ठाऊक.

निघायच्या दिवशी बघते, तर त्याला न्हाऊ घालून, तेल चोपडून, वरपासून खालपर्यंत ताजा शेंदूर फासलेला. शेंदूर म्हणजे शिसंच, आणि मला मोजायचं होतं तेही शिसंच. मी कपाळावर हात मारून घेतला आणि बडबडायला लागले. ‘‘साकु!’’ पुरे, असं कन्नडमध्ये सुनावून अक्कानं गप्प केलं. चिडली की ती कन्नडमध्येच जाते. ‘‘लेकरू परगावी निघालंय. उघडंच धाडू काय?’’

प्रयोगशाळेत व्हायचं तेच झालं. भेगांतून तेल आत उतरलेलं, आणि तेलाबरोबर शेंदूर. हा दगड आभाळातला की देवळातला, असं सहकारी मला विचारू लागले. गाभ्यातला सुपारीएवढा तुकडा तेवढा कोरा निघाला. त्यात मात्र सूर्याहून जुन्या ताऱ्यांची खूण सापडली, आणि भाच्याचा पहिला नंबर आल्यासारखी मी हरखले.

कापलेल्या दगडाच्या दोन फाकी घेऊन गावी गेले. ‘‘माज्यामुळं बिगाडलं काय गं?’’ तिनं पहिलं हेच विचारलं. चेहरा एवढासा झालेला. खोटं बोलले असते तर तिनं लगेच ओळखलं असतं.

‘‘थोडं बिघडलं. पण तुझ्या शेंदरातलं शिसंबी म्हाताऱ्या ताऱ्यांच्या पोटातच घडलेलं.’’

‘‘मग त्येच्याच घरचं लावलं की मी!’’ ती हसली. मलाही हायसं वाटलं.

दोन्ही फाकी मांडीवर जुळवून धरत तिनं विचारलं, ‘‘आणि सोनं?’’

‘‘तेबी तसंच. दोन मेलेले तारे एकमेकांवर आदळले की घडतं.’’

‘‘मातीत ऱ्हायलं तर कुजतंय काय?’’

‘‘नाही, अक्का. सोन्याला काही होत नाही.’’

ती बांधाकडे बघत राहिली. एवढ्या वर्षांत बाळाबद्दल ती माझ्याशी कधी बोलली नव्हती.

‘‘जल्मल्याबरोबर त्येला मधात सोनं उगाळून चाटवलं होतं मी,’’ ती म्हणाली. ‘‘तेवढं तरी हाय न्हवं त्येच्याजवळ?’’

‘‘हाय, अक्का,’’ मी म्हणाले. ‘‘अजून तसंच हाय.’’